विज्ञान शिक्षकांना प्रयोगशाळेत पाठवा

महोदय,

शिक्षकांनी दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आहे. विज्ञान शिक्षकांना हे तास सभागृहात भाषणे ऐकण्याऐवजी एखाद्या संशोधन संस्थेत प्रत्यक्ष काम करण्यासाठी वापरू द्यावेत, असे मला सुचवावेसे वाटते.

शाळेतल्या प्रात्यक्षिकाचे उत्तर आधीच ठाऊक असते. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ च्या आसपास आले नाही, की निरीक्षणांचा तक्ता उत्तरावरून उलटा भरला जातो आणि प्रयोगवहीवर सहीही होते. वास्तविक चूक दोऱ्याची लांबी मोजताना झाली की वेळ मोजताना, हे शोधण्यातच खरे शिक्षण आहे. पण उत्तर ठाऊक नसलेल्या प्रश्नामागे ज्याने स्वतः काही आठवडे घालवलेले नाहीत, त्या शिक्षकाला ही शोधाशोध वर्गात रंगवता येणे कठीण.

संस्था आपल्या जवळच आहेत. खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. विज्ञान दिनाच्या सुमारास आमच्या भागातील मुले तेथील प्रदर्शन पाहतात, तेव्हा शिक्षकांचे निम्मे लक्ष मुले मोजण्याकडेच असते. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे, आणि आमच्या वर्गातील कित्येक मुलांच्या घरी कांद्याची चाळ आहे. साठवलेला कांदा किती सडला, किती कोंबला, वजनात किती घटला, याच्या नोंदी ज्या शिक्षकाने तिथे स्वतः ठेवल्या असतील, तो एकाच पिशवीवरून निष्कर्ष का काढू नये आणि तुलनेसाठी नेहमीच्या पद्धतीने साठवलेला कांदा शेजारी का हवा, हे मुलांना त्यांच्याच चाळीत उभे राहून समजावू शकेल.

केवळ प्रमाणपत्रासाठी हजेरी लागू नये, म्हणून परतल्यावर शिक्षकाने वर्गासोबत वर्षभर चालणारा एक तरी शोधप्रकल्प करावा आणि संस्थेतील मार्गदर्शकाने त्यातील नोंदी अधूनमधून पाहाव्यात. १९७४ पासून विज्ञान शिक्षणाचे काम करणाऱ्या मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे शासनाने याची आखणी सोपवावी. पहिल्या वर्षी जिल्ह्यातून दहा-पंधरा शिक्षक निवडले तरी पुरे. मात्र त्या तीन-चार आठवड्यांत त्यांना निवडणुकीच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामाला जुंपले जाणार नाही, असा लेखी आदेश आधी निघावा.

आपला विश्वासू,
एक माध्यमिक विज्ञान शिक्षक, जुन्नर तालुका