सिल्व्हर मॉलमधल्या त्या दोघांचे आभार

लेकीच्या अ‍ॅनिमेशनच्या अभ्यासाला ग्राफिक्स कार्ड हवं होतं. घरचा ब्रँडेड डेस्कटॉप जुना, त्याचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, जेमतेम 240 वॉटचा; कार्डाला तो कमी पडला असता. शनिवारी अख्खा कॅबिनेट उचलून इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेलो आणि 450 वॉटचा घ्यायला पैसेही काढले.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "अंकलजी, रुकिए." त्याने झाकण उघडून बोर्डावरच्या सॉकेटच्या पिना बोट ठेवून मोजल्या. आठ! साध्या एसएमपीएसचं मुख्य कनेक्टर 24 पिनांचं असतं. कंपन्या आपापली जोडणी ठेवतात, त्यामुळे दोन्ही टोकं जुळवणारी जोडवायर, म्हणजे त्याच मॉडेलचं अडॅप्टर लागतं. त्याच्याकडे ते नव्हतं. माल विकायचा सोडून त्याने मला थांबवलं, हे मी विसरणार नाही.

शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी "या माझ्याबरोबर" म्हणत चार दुकानं पालथी घातली. अडॅप्टर मिळाल्यावर मीटर लावून पिवळ्या वायरवर 12 व्होल्ट येतात की नाही ते पाहिलं, मगच जोडू दिलं. चहासुद्धा घेतला नाही.

नावं विचारायची राहिली. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. कॉम्प्युटर उत्तम चालतोय, लेक आत्ताही त्यावरच बसली आहे.