लान्झ बुलडॉग पारखून देणाऱ्यांचे आभार

मानहाइमला बनलेला, एका सिलिंडरचा १०.३ लिटरचा जुना लान्झ बुलडॉग ट्रॅक्टर घेण्याआधी जर्मनीत ज्यांनी तो तपासून दिला, त्या सर्वांचे मनापासून आभार.

बिडाच्या सिलिंडर हेडवर रॉकेल लावून, पुसून, वर खडू फासायला सांगणाऱ्या काकांचे पहिले. खडूवर ओली रेघ उमटली की तडा आहे. इंजिन सुरू करताना ब्लोलॅम्पच्या ज्योतीने वारंवार तापणाऱ्या हॉट बल्बभोवती, म्हणजे इंधन पेटवणाऱ्या हेडमधल्या कप्प्याभोवती, हे हमखास होते. पाणी न काढता हिवाळा काढलेल्या इंजिनाची वॉटर जॅकेटही (सिलिंडरभोवतीचा थंड पाण्याचा कप्पा) आतले पाणी गोठून फुटते. रंगाखाली वेल्डिंग दडलेले असते.

दुसरे आभार क्रँककेसकडे, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या बंद पेटीकडे, लक्ष वेधणाऱ्यांचे. टू-स्ट्रोक असल्याने सिलिंडरला हवा तिथूनच मिळते. सील गळके असले की ताकद जाते, आणि लोक उगाच इंधन पंपाला दोष देतात! बेअरिंगचा खेळ डायल गेजनेच मोजावा. ऑइलरच्या (भागांना तेल पुरवणाऱ्या पंपाच्या) नळ्या सोडून, तो हाताने फिरवून प्रत्येकीतून थेंब येतो का ते पाहावे. एक जरी तुंबली तरी बेअरिंग किंवा पिस्टन जळतो.

कारखान्याची पाटी बदलता येते, म्हणून धातूवर ठोकलेला नंबर कागदांशी ताडून देणाऱ्या ताईंचेही आभार. इंजिन सुरू करायला स्टीअरिंग काढून फ्लायव्हीलला लावताना, ते उलट्या दिशेनेही सुरू होते हे बजावणाऱ्यांचे तर विशेषच.