प्रयोगशाळेला दहा मायक्रोस्कोप हवेत : माजी विद्यार्थी व पालकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या नौपाड्यातल्या शाळेची प्रयोगशाळा कशी उभी राहिली, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. सागवानी टेबलं गोखले रोडच्या व्यापारी मंडळींनी दिली. आपलीच एक माजी विद्यार्थिनी आज पॅथॉलॉजिस्ट आहे. स्वतःची लॅब वाढवताना तिने तिथले दोन मायक्रोस्कोप विकले नाहीत, शाळेत आणून दिले. खाडीकाठच्या दमट हवेत भिंगांना बुरशी धरते म्हणून नव्वदच्या दशकातल्या एका तुकडीने आत बल्ब असलेलं काचेचं कपाट करून दिलं. ते आजही वापरात आहे. आणि आपले विज्ञानाचे सर निवृत्त झाले तरी अजून शनिवारी येतात, मऊ कापडाने एकेक भिंग पुसतात आणि सिलिका जेलच्या पुड्या बदलतात. या सगळ्यांचं ऋण मंडळ कधीही विसरणार नाही.

पण आज वर्गात पन्नासच्या वर मुलं आणि चालू मायक्रोस्कोप दोन. तेही आरशाचे. शेजारी टॉवर झाल्यापासून खिडकीतून पुरेसा उजेड येत नाही आणि पावसाळ्यात तर काचपट्टी काळीच दिसते. बाई कांद्याचा पापुद्रा काढून, आयोडीनचा थेंब टाकून, आच्छादक काच तिरकी धरून हळूच टेकवतात. मग मुलं रांगेने येतात, एक डोळा मिटून क्षणभर वाकतात आणि पुढे सरकतात. वहीत आकृती काढताना कित्येक जण जाड काळ्या कडेचा गोल काढतात. तो हवेचा बुडबुडा असतो! विटांसारख्या ओळीने लागलेल्या पेशी आणि त्यांतलं पिवळसर तपकिरी केंद्रक त्यांना दिसलेलंच नसतं. दोष मुलांचा नाही. आधी १० पटीच्या वस्तुभिंगाखाली (काचपट्टीकडच्या भिंगाखाली) पेशी शोधायची, ती मधोमध आणायची, मगच ४० पटीचं भिंग फिरवायचं आणि तिथे मोठ्या स्क्रूला हात न लावता फक्त बारीक स्क्रूने प्रतिमा स्पष्ट करायची, हे स्वतःच्या हाताने केल्याशिवाय येत नाही. १० पटीची नेत्रिका (डोळ्याकडचं भिंग) आणि ४० पटीचं वस्तुभिंग मिळून ४०० पट, हे मुलांना तोंडपाठ आहे. काचपट्टी डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं, हे मात्र ठाऊक नाही. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापात जे पाहिलं, ते ठाण्यातल्या मुलाला आज नीट पाहता येऊ नये, याचं मनापासून वाईट वाटतं.

गेल्या वर्षी याच कामासाठी ग्रुपवर विनंती केली होती. अंगठे पुष्कळ आले, मदतीचे फोन मोजकेच. स्नेहसंमेलनाच्या जेवणाला वर्गणी चटकन जमते आणि प्रयोगशाळेसाठी पुन्हा पुन्हा आठवण करावी लागते, हे लिहिताना जड जातं, पण लिहायलाच हवं. ज्यांनी तेव्हा न सांगता पाकिटं पोचवली, त्यांना हे लागू नाही.

प्रत्येक टेबलावर एक, असे दहा हवेत. एलईडी दिव्याचे, ४, १० व ४० पटींची वस्तुभिंगं असलेले. मिळालेल्या कोटेशनप्रमाणे एकाला साधारण साडेआठ हजार रुपये. एकट्याने एक द्या, दोघांतिघांत मिळून द्या किंवा जमेल ती रक्कम द्या. चेक शाळेच्या नावे, मागे ‘प्रयोगशाळा निधी’ लिहावं. रोख रक्कम कार्यालयात सोम. ते शुक्र. ११ ते ४, शनि. १ पर्यंत, पावती घेतल्याशिवाय देऊ नये. ऑनलाइनसाठी खाते क्रमांक कार्यालयातूनच घ्यावा, फॉरवर्ड आलेल्या क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. सातवीचा पेशींचा धडा दिवाळीनंतर सुरू होतो, म्हणून रक्कम दसऱ्यापर्यंत हवी. घरी चालू स्थितीतला मायक्रोस्कोप असेल तर तोही चालेल, आणताना एक हात दांड्याला आणि एक तळाखाली धरावा. काचपट्ट्या, आच्छादक काचा, आयोडीन यांचीही गरज आहे. शनिवारी सकाळी सरांच्या हाताखाली भिंगं पुसायला दोघं-तिघं आली तर फार बरं होईल.

आपला,
चिटणीस, माजी विद्यार्थी मंडळ, ठाणे