किती मुली सॉफ्टबॉल खेळतात? अण्णांना पत्र

नॉर्मन, ओक्लाहोमा

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

अण्णा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "ईरासारख्या गावोगाव हिंडून सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली तिकडे आहेत तरी किती?" मी "खूप आहेत" म्हणाले आणि तुम्ही नुसतं "हं" केलंत. 1991 आणि 2001, दोन्ही जनगणनांना घरोघर फिरलेल्या माणसाला "खूप" हे काही उत्तर नव्हे. म्हणून आठवडाभर रात्री जेवणं झाली की कागद घेऊन बसत होते. तो हिशोब पाठवते आहे.

इथे गावातल्या गावात एक लीग असते, तिथे ज्याने त्याने नाव द्यावं आणि खेळावं. हायस्कूलचा संघ वेगळा. आणि या दोन्हींच्या बाहेर ट्रॅव्हल बॉल: खासगी संघ, ऑगस्टच्या सुमारास निवडचाचणी, आणि मग शनिवार-रविवार दोन-तीन तास गाडी हाणत दुसऱ्या गावी स्पर्धा. वयाचे गट टेन-यू, ट्वेल्व्ह-यू, फोर्टीन-यू, म्हणजे दहा, बारा, चौदा वर्षांपर्यंतच्या मुली, असे वर चढत जातात. ईरा ट्वेल्व्ह-यूमध्ये आहे. 12 इंच घेराचा चेंडू, 40 फुटांवरून पिचिंग. संध्याकाळी तिचे बाबा मागच्या अंगणात बादली उपडी घालून तिच्यावर बसतात आणि ती विंडमिल टाकत राहते, हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवून. आई, तू पाहिलंस तर तुला तिच्या खांद्याची काळजी वाटेल. मलाही वाटते.

आता मोजणी. आपल्याकडे शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरीपायरीने जाते, त्यामुळे क्रीडा कार्यालयातल्या याद्या एकाखाली एक लावल्या की आकडा निघतो. इथे तशी एक शिडीच नाही. यूएसए सॉफ्टबॉल ही 1933 पासूनची जुनी संघटना, तिचं मुख्यालय इथून अर्ध्या तासावर ओक्लाहोमा सिटीत आहे. पण यूएसएसएसए, पीजीएफ अशा दुसऱ्या संघटना आहेत, आणखीही आहेत. एकच संघ दोन-तीन ठिकाणी नाव नोंदवतो, म्हणजे त्याच बारा मुली तीन वह्यांत. शिवाय एखादा संघ कमी पडला की दुसऱ्या संघातली मुलगी पाहुणी म्हणून बोलावतात, ती दोन जर्सींत दिसते. उलट या संघटनांच्या यादीत गावच्या लीगवाल्या मुली आणि हौशी मोठी माणसंही असतात. नोंदणीच्या आकड्यांची नुसती बेरीज केली तर भलतंच काहीतरी हाती येईल.

मला 28 फेब्रुवारीची रात्र आठवली. तुम्ही कंदील आणि वही घेऊन स्टेशनवर, देवळाच्या ओसरीवर झोपलेल्या बिनघराच्या माणसांना मोजायला गेला होतात. मी विचारलं होतं, रात्रीच का? तुम्ही म्हणालात, सकाळी तो माणूस दुसऱ्या गावात असेल आणि तिथला गुरुजी त्याला पुन्हा मोजेल. या मुलींचं तंतोतंत तसंच आहे. मी एका शनिवारी मैदानावर ईराच्या गटातले संघ मोजले: 24 संघ, प्रत्येकी बारा, म्हणजे 288 मुली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी पुन्हा 24 संघ. पण त्यांतले 9 तेच होते.

ओक्लाहोमाचा आकडा काढून देशाला गुणायचं, असंही मनात आलं. मग लक्षात आलं, हे म्हणजे रावेर-यावलची केळी मोजून महाराष्ट्राच्या केळीचा अंदाज बांधण्यासारखं. इथे सॉफ्टबॉल रक्तात आहे. मुलींच्या कॉलेज स्पर्धेची अंतिम फेरी दरवर्षी ओक्लाहोमा सिटीत होते, आमच्या नॉर्मनच्या विद्यापीठाने ती 2021 ते 2024 सलग चार वर्षं जिंकली, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा सॉफ्टबॉलसुद्धा तिकडे न होता इथे होणार आहे.

म्हणून वरून सुरुवात केली. देशभरात हायस्कूलसाठी खेळणाऱ्या मुली साधारण साडेतीन लाख, हा आकडा पक्का, कारण शाळा दरवर्षी मोजून देतात आणि एक मुलगी एकाच शाळेत असते. त्यांतल्या निम्म्या ट्रॅव्हल बॉल खेळतात असं धरलं, तर 1,75,000. हायस्कूल चार वर्षांचं, म्हणजे वयाच्या एका वर्षाला सुमारे 44,000. खाली 10 ते 13 या चार वर्षांत सुरुवातीला मुली कमी असतात, मग वाढतात. सरासरी 30,000 धरल्या तर 1,20,000. दोन्ही मिळून तीन लाखांच्या आसपास. निम्म्याऐवजी एक तृतीयांश धरून खालचेही त्या मानाने कमी केले तर दोन लाख, दोन तृतीयांश धरले तर चार लाख. खरा आकडा या दोन्हींच्या मध्ये असावा.

ताळा करून पाहिला. या देशात वयाच्या प्रत्येक वर्षाला अंदाजे 20 लाख मुली, आठ वर्षांच्या 1 कोटी 60 लाख. म्हणजे 53 मुलींमागे एक. तीनशे मुलींच्या शाळेत पाच-सहा. हे पटतं.

हे सगळं मी का केलं, तेही सांगते. एका पालकसभेत एकजण ठासून म्हणाले, देशात वीस लाख मुली कॉलेजच्या संघात जाण्यासाठी रांगेत उभ्या आहेत, आत्तापासून खासगी शिकवणी लावली नाही तर मुलगी मागे पडेल. आम्ही दोघं घाबरून घरी आलो. त्या रात्री गाडीत ईरा काहीच बोलली नाही. वीस लाख म्हणजे इथली दर आठवी मुलगी! तसं कुठे दिसत नाही. एनसीएए या कॉलेजांच्या क्रीडासंघटनेच्या तिन्ही विभागांत मिळून सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली सुमारे 20,000, म्हणजे वर्षाला नव्या जागा पाचेक हजार, आणि हायस्कूलमधून बाहेर पडणाऱ्या 87,000. सतरा-अठरांमागे एक. तिसऱ्या विभागात तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. वाट अवघड आहे, पण भीती दाखवली जाते तेवढी गर्दी नाही. आम्ही जादा शिकवणी लावलेली नाही. बादली आहे, बाबा आहेत, ते पुरे.

ईराला मी हा कागद दाखवला. तिने विचारलं, "मग या तीन लाखांत मी धरली आहेस ना?" धरली आहे म्हटल्यावर तिने खाली कोपऱ्यात स्वतःचा जर्सी नंबर लिहिला, 14. तो मी तसाच ठेवला आहे.

अण्णा, लाल पेन घेऊन तपासा. "निम्म्या" हा आकडा मी डोळ्यांनी पाहून धरला आहे, घसरले असेन तर तिथेच. आईला सांगा, मेथकूट पोचलं.

तुमची,
सुमा