प्रोटॉन थेरपी आणि आटलेली लाळ

संपादक साहेब, नमस्कार. तोंडाच्या कॅन्सरवर प्रोटॉन थेरपी, म्हणजे अणूतल्या प्रोटॉन कणांचं रेडिएशन, म्हटलं की लोक लगेच खात्रीचा इलाज समजतात म्हणून लिहितोय. माझ्या मोठ्या भावाला साधं एक्स-रेचं रेडिएशन दिलं, गाठ गेली पण लाळच आटली, रात्री उशाशी पाण्याची बाटली नसेल तर जीभ टाळूला चिकटते त्याची. एक्स-रे आरपार जातात, वाटेतल्या लाळग्रंथी, जबडा यांनाही डोस बसतो. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर बहुतेक एनर्जी सोडून तिथंच थांबतात, अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्येच हे मांडलं होतं. कार्बन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कार्बनचे अणू, प्रोटॉनहून जड, त्यांचंही रेडिएशन जपानमध्ये चिबाला १९९४ पासून पेशंटना देतात, लाळग्रंथीचे काही चिवट ट्यूमर साध्या रेडिएशनला दाद देत नाहीत तिथे ते कामाला येतात. पण तोंडाच्या बहुतेक कॅन्सरला आधी ऑपरेशनच करतात, मशीनच्या शोधात ते लांबवू नका प्लीज. आणि रेडिएशन कुठलंही असो, सुरू व्हायच्या आधी दात दाखवून घ्या, नंतर दात काढला तर कधीकधी जबड्याचं हाड भरूनच येत नाही, आम्हाला हे कुणी वेळेवर सांगितलंच नाही.

– एक वाचक