गणपतीनंतरचा वहाळ : पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : सेप्टिक टाक्यांचे पाणी वहाळात उतरण्याबाबत

महोदय,

मी कुडाळ तालुक्यातला. आमच्या वाडीखालून वहाळ, म्हणजे ओढा, जातो आणि त्याच्या काठावरच नळयोजनेची विहीर आहे.

गणपतीत एरवी दोन म्हातारी माणसं असलेल्या घरात पंधरा चाकरमानी उतरतात. दिवस भाद्रपदातले, तीन महिने पाऊस पिऊन जमीन तुडुंब. शोषखड्ड्यात आधीच पाणी उभं, मग टाकीतलं जिरणार कुठे? गवंड्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो टाकी बांधतानाच एक पाइप काढून ठेवतो. परसातून पाणंदीत, पाणंदीतून वहाळात. यात चोरटं काही नाही, अख्ख्या वाडीला माहीत आहे. माझ्या घराचाही पाइप तसाच होता. दोन वर्षांपूर्वी मी तो बुजवला.

सेप्टिक टाकीत मैला तळाशी बसतो आणि थोडाफार कुजतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात जंतू असतातच. ते अडतात शोषखड्ड्याभोवतीच्या मातीत. आमच्याकडे मातीच वीतभर, खाली जांभा. त्याच्या भोकांतून नि भेगांतून पाणी न गाळताच झऱ्याला फुटतं. त्यात जुन्या टाक्या चिऱ्याच्या, तळाला कोबा नाही. "आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही," असं लोक कौतुकाने सांगतात. गळते म्हणून भरत नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही. बरं, माती चांगली असली तरी मैल्यातून येणारं नायट्रेट तिच्यात फारसं अडत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ते उकळून जात नाही की टीसीएल (ब्लिचिंग) पावडरने मरत नाही.

प्रवाहाचंही सांगतो. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरलेत, म्हणजे पाच माणसांच्या घराला २७५. त्यातलं बरंचसं वापरून पुन्हा जमिनीत जातं. खालच्या विहिरीतून वाडीवर चढवलेलं पाणी टाकीवाटे उतरत वहाळाला मिळतं, तेच विहिरीकडे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, ग्विनेट काउंटीत, २००७ च्या दुष्काळात ओढ्यांचे प्रवाह मोजले होते. टाक्यांची दाटी असलेल्या पाणलोटांतले ओढे जास्त वाहते निघाले. हे वाचल्यापासून मे महिन्यात आमच्या कोंडीत, वहाळातल्या डोहात, बारीक धार दिसली की मला पूर्वीसारखा आनंद होत नाही. तेव्हा चाकरमानी पुन्हा आलेले असतात आणि त्या धारेत मिसळायला पावसाचं पाणीही नसतं.

आपल्या खात्याने २०१४ पासून शौचालयं मोजली, गावं हागणदारीमुक्त झाली. ते काम लहान नव्हतं. पण मोजणी दारापाशी थांबली. घरपट्टीच्या नोंदीत घराची कौलं लिहिली जातात. तिथेच टाकीला कोबा आहे का, शोषखड्डा आहे का, वहाळ किती अंतरावर, एवढं लिहायला ग्रामसेवकाला एक रकाना वाढवून द्या. वाई आणि सिन्नर नगरपालिकांनी टाक्या ठरलेल्या वेळापत्रकाने उपसायला सुरुवात केली, तसं गावांसाठी तालुका पातळीवर का होऊ नये? आज टँकर फोनवर येतो, पैसे घेतो आणि भरून जातो. कुठे रिकामा होतो, हे मी एकदा विचारलं होतं. ड्रायव्हर हसला.

आणि वहाळाचं पाणी तपासा. विहिरीचा नमुना जातो, ग्रामपंचायतीला पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड मिळतं. विहिरीला पाणी देणारा वहाळ मात्र कुठल्याच यादीत नाही. गेल्या वर्षी मी बाटली भरून एका प्रयोगशाळेत नेली, तर "हा पिण्याचा स्रोत नाही" म्हणून परत दिली.

यंदा विसर्जनानंतर आठ दिवसांनी मी पुन्हा बाटली भरणार आहे, एक वाडीच्या वरची, एक खालची. दोन्ही तपासायला घ्या म्हणून आपण प्रयोगशाळांना एक ओळीचं पत्रक काढावं, एवढी विनंती.

कळावे,
आपला,
वहाळाकाठचा एक घरपट्टीदार