जोर कार्बनचा, भिस्त इपॉक्सीवर

महोदय,

जुन्या पोलादी पुलांच्या तुळयांना कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवून बळकटी देता येते. तेवढ्याच आकाराच्या पोलादी पट्टीच्या जेमतेम पाचवा हिस्सा वजन. वेल्डिंगची धग नाही की बोल्टसाठी भोकं पाडणं नाही. पद्धत उत्तमच आहे. पण चर्चा सगळी पट्टीच्या ताकदीची होते, याची मला काळजी वाटते. पट्टी तुटण्याआधी बहुधा सुटते. तेही इपॉक्सीच्या, म्हणजे ती चिकटवणाऱ्या रासायनिक गोंदाच्या थरातून, टोकाकडून. पोलाद ग्रिट ब्लास्टिंगने (खरखरीत कणांचा जोरदार मारा करून) साफ केल्यावर काही तासांतच पट्टी लावावी लागते, नाहीतर गंज पुन्हा धरू लागतो.

त्याहून दुर्लक्षित बाब म्हणजे कार्बन वीजवाहक आहे. तो पोलादाला थेट टेकला आणि ओल शिरली, की पोलादच झपाट्याने गंजतं. मध्ये काचतंतूंचा पातळ थर हवाच हवा. शिवाय साइटवर वापरली जाणारी बरीच इपॉक्सी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात, आणि भर उन्हात पोलाद किती तापतं हे हात लावणाऱ्याला विचारावं!

या अटी कंत्राटात स्पष्ट लिहाव्यात. काम झाल्यावर पट्टीवर टकटक करून पोकळ जागा शोधाव्यात, आणि ही तपासणी पुढेही नियमित व्हावी, असा माझा आग्रह आहे.

– एक संरचना अभियंता